शाळेचे मैदान आणि मोबाइलचा टॉवर

मोबाइलचे नेटवर्क सर्वांना हवे असते. टॉवर मात्र शेजारच्या आळीत असावा, असे प्रत्येकास वाटते. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील व्यापाऱ्याचा दिवस आज नेटवर्कवाचून सरत नाही. मालाची गाडी निघण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते, गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देते, मोंढ्यातील भाव हातातल्या फोनवर पाहिला जातो. रेशनच्या दुकानातील यंत्रसुद्धा नेटवर्क नसेल तर अडून बसते. तेव्हा टॉवर नकोच, असे म्हणण्याचा अधिकार आपणापैकी कोणासही उरलेला नाही. प्रश्न एवढाच, की तो कोठे असावा आणि कोठे नसावा.

टॉवरसाठी जागा शोधणाऱ्याला मोकळी जमीन, जवळ रस्ता, विजेची जोडणी आणि एकच मालक या चार गोष्टी हव्या असतात. दाट वस्तीच्या गावात या चारही गोष्टी बहुधा एकाच ठिकाणी आढळतात, ते ठिकाण म्हणजे शाळेचे मैदान. शाळेचे छप्पर गळत असते, स्वच्छतागृहाचे दार मोडलेले असते, अनुदान वेळेवर येत नाही. अशा वेळी दरमहा ठरावीक भाडे देणारा कोणी दाराशी आला, तर मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना मोह पडणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूने पालक उठतात, निवेदने दिली जातात, प्रसंगी शाळेला कुलूप लावण्याची भाषा होते. गावातील प्रतिष्ठित म्हणून, शाळेचे देणगीदार म्हणून, कधी संस्थेचे विश्वस्त म्हणून अशा वेळी व्यापारी मंडळींकडे मध्यस्थी येते. त्यांनी कोणत्या आधारावर बोलावे, हे समजून घेणे म्हणून अगत्याचे आहे.

पालकांचा पहिला आक्षेप असतो आरोग्याचा. टॉवरच्या लहरींनी कर्करोग होतो, असे ठामपणे सांगितले जाते. याबाबत जे निश्चित माहीत आहे ते असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये अशा रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात घातले. ‘कदाचित’ या शब्दाचे वजन ध्यानात घ्यावे. त्याच गटात आशियाई पद्धतीने आंबवलेल्या भाज्याही आहेत. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॅट इतकी ठरली. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. शिवाय अँटेनाचा मुख्य झोत आडवा, दूरवर जातो. टॉवरच्या अगदी पायथ्याशी तो बहुधा क्षीण असतो. कानाला लावलेला फोन शरीराला जेवढ्या लहरी देतो, त्या मानाने दूरच्या टॉवरच्या लहरी पुष्कळ कमी असतात. हे सारे पाहता ‘टॉवर आला की मुले आजारी पडणारच’ हे विधान सिद्ध झालेले नाही. तथापि केंद्र सरकारच्याच आंतरमंत्रालयीन समितीने जानेवारी २०११ च्या अहवालात शाळा, क्रीडांगणे, रुग्णालये आणि दाट वस्ती यांच्याजवळ टॉवर उभारण्यावर निर्बंध असावेत, अशी शिफारस केली होती, हेही तितकेच खरे. सावधगिरी आणि भीती यांत अंतर आहे. सावधगिरी पुरावा तपासते. भीती पुराव्याची वाट पाहत नाही.

न्यायालयांत काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१२ रोजी शाळा, रुग्णालये आणि क्रीडांगणे येथील टॉवर हटवण्याचा आदेश दिला. सावधगिरीचे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्या महाराष्ट्रात मात्र २०२३ च्या प्रारंभी वेगळा अनुभव आला. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने आरोग्याच्या भीतीपोटी टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. टॉवरमुळे आरोग्यास हानी होते, असा शास्त्रीय आधार ग्रामपंचायतीजवळ नव्हता. ग्रामस्थांची तळमळ खोटी नसेल. पण ज्या पायावर ती उभी केली गेली तो पाया न्यायालयात टिकला नाही.

अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांचे हात याबाबत बांधूनच टाकले आहेत. उत्सर्जन केंद्राच्या मर्यादेत असेल, तर केवळ लहरींच्या परिणामाचे कारण देऊन टॉवर नाकारता येत नाही. तरीही लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने २००० सालीच शाळांजवळच्या टॉवरला विरोध दर्शवणारा ठराव केला होता. कॅलिफोर्नियातील रिपन गावच्या वेस्टन प्राथमिक शाळेत चार विद्यार्थ्यांना काही वर्षांच्या अंतराने कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा पालकांनी शाळेच्या आवारातील टॉवरविरुद्ध आवाज उठवला. रोगाचा टॉवरशी संबंध सिद्ध झाला नाही, मोजणीही मर्यादेच्या आत होती; परंतु २०१९ च्या मार्चमध्ये कंपनीने तो टॉवर बंद केला. पालकांचा शाळेवरील विश्वास डळमळला की कायद्याने योग्य असलेली गोष्टही चालवणे कठीण होते, असा याचा अर्थ.

मग विरोधाला भक्कम पाया कोणता? तो जमिनीत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे आणि आवाराला भिंत किंवा कुंपण असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. मैदान ही शाळेची शिल्लक राहिलेली जागा नसून वर्गखोलीइतकाच तिचा आवश्यक भाग आहे. टॉवरबरोबर काय काय येते, हे पाहावे. त्याच्या पायथ्याशी कुंपण पडते, यंत्रांची पेटी आणि बॅटऱ्या येतात, अनेक ठिकाणी डिझेलचे जनरेटर येते. दुरुस्तीसाठी अनोळखी माणसे वेळी-अवेळी आवारात शिरतात. करार पुष्कळ वर्षांचा असतो; आज पहिलीत असलेले मूल दहावी होऊन बाहेर पडले तरी तो संपलेला नसतो. हे आक्षेप सिद्ध करण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. मैदानात उभे राहिले की ते डोळ्यांना दिसतात.

अधिकाराचा प्रश्नही असाच स्पष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या मालकीची जागा मुख्याध्यापकांना परस्पर भाड्याने देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे त्याच समितीचे काम आहे. विकास आराखड्यात मैदानाचा उपयोग लिहिलेला असेल, तर पालकांचे म्हणणे कागदावर उभे राहते. संस्थेची शाळा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६ ध्यानात ठेवावे. बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तिच्यावाचून केलेला पट्टा वैध ठरत नाही. समाजाच्या अनेक संस्थांचे विश्वस्त वसतिगृहे, धर्मशाळा आणि शाळा सांभाळतात. कंपनीने छापून आणलेल्या करारावर सही करण्यापूर्वी हे कलम त्यांनी एकवार वाचावे.

जैन परिवारांना हा विचार नवा वाटू नये. श्वेतांबर परंपरेत देवद्रव्य देवकार्यावाचून अन्यत्र वापरता येत नाही. दुसरे कार्य कितीही पुण्याचे असो. दिगंबर परंपरेतही अर्पण केलेले निर्माल्य स्वतःच्या उपयोगात घेणे निषिद्ध मानतात. ज्या हेतूने वस्तू दिली गेली, त्या हेतूशी ती बांधलेली राहते, हे तत्त्व आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. शाळेचे मैदान मुलांच्या खेळासाठी राखलेले आहे. ते मुलांचे द्रव्य आहे, आणि त्याचा विनियोग दुसरीकडे करण्याचा अधिकार ना सरपंचाला, ना विश्वस्ताला.

यावर एक उत्तर हमखास येते: भाड्यातून शाळेचीच दुरुस्ती होईल, यात मुलांचे नुकसान ते काय? त्याचा हिशेब करून पाहावा. महिन्याला १०,००० रुपये भाडे मिळाले असे धरले, तर वर्षाला १,२०,००० रुपये होतात. शाळेत २०० मुले असतील, तर दर मुलामागे वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५०. एवढ्या रकमेसाठी मैदानाचा कोपरा पंधरा-वीस वर्षे बांधून द्यायचा का? लग्नाच्या एका जेवणावळीचा खर्च ज्या गावात याहून मोठा होतो, त्या गावाला लोकवर्गणीतून छप्पर दुरुस्त करणे अशक्य नाही. पंचायतीच्या उत्पन्नाचे म्हणावे, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर आकारता येतो, असा निर्णय दिला. त्या निर्णयानुसार टॉवर हद्दीत कोठेही उभा राहिला तरी कराचे उत्पन्न येऊ शकत होते. त्यासाठी तो शाळेतच असला पाहिजे असे नाही.

येथवर मान हलवणे सोपे आहे. कठीण प्रश्न पुढचा आहे. शाळेच्या मैदानातील टॉवरला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्याची स्वतःची गच्ची शाळेच्या समोरच असेल आणि तेथे कंपनीने अधिक भाडे देऊ केले, तर तो काय करील? लहरींच्या दृष्टीने मैदानातल्या टॉवरच्या पायथ्यापेक्षा समोरच्या गच्चीवरील अँटेना, जी वर्गाच्या खिडकीच्या उंचीवर आहे, ती मुलांना अधिक जवळची ठरू शकते. मुलांच्या आरोग्याची काळजी सभेत बोलायची आणि घरी करारावर सही करायची, हा व्यवहार सत्य अणुव्रतात बसत नाही. ज्याला भीती खरी वाटते, त्याने ती आपल्या गच्चीलाही लावावी. ज्याला ती खरी वाटत नाही, त्याने पालकांपुढे भीतीचे भांडवल करू नये आणि मैदानाच्या हक्कावरच बोलावे. अनेकांताचा अर्थ सर्वांना खूश ठेवणे असा नाही. दुसऱ्याच्या बाजूत जेवढे सत्य आहे तेवढे मान्य करणे, असा आहे. नेटवर्क मागणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणेही खरे आहे, म्हणून टॉवरला नकार देणाऱ्यांनी पर्यायी जागा दाखवण्याचेही कष्ट घ्यावेत. गावाबाहेरची मोकळी जागा किंवा वस्तीपासून दूर असलेली खाजगी जमीन सुचवता येईल. अर्जावर ठरावीक मुदतीत उत्तर देण्याचे बंधन नव्या नियमांनी घातले आहे. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम लागू झालेले असल्यामुळे कागद दडपून ठेवून प्रश्न सुटत नाही. हरकत असेल तर ती वेळेत, लेखी आणि कारणांसह द्यावी.

टॉवर आधीच उभा असेल आणि शंका वाटत असेल, तर मोजणीचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातील टॉवरची माहिती मिळते आणि ४,००० रुपये शुल्क भरून उत्सर्जनाची तपासणी करून घेता येते. दहा पालकांनी चारशे-चारशे रुपये दिले तरी शंकेचे निरसन होते. मर्यादा ओलांडली गेली असेल, तर कंपनीला दंड होऊ शकतो.

एक सावधगिरी व्यापारी बांधवांसाठी. ‘तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, मोठी आगाऊ रक्कम देतो, त्याआधी कर किंवा ना हरकत प्रमाणपत्राचे शुल्क भरा’ असे फोन आणि पत्रे पुष्कळांना येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरण असे कोणतेही प्रमाणपत्र देत नाही आणि शुल्कही घेत नाही, हे त्या प्राधिकरणाने वारंवार जाहीर केले आहे. जो भाडे देण्याआधी पैसे मागतो तो भाडेकरू नसतो, हा पेढीवरचा जुना नियम येथेही लागू पडतो.

ज्या गावात शाळेच्या मैदानाचा प्रश्न उभा राहील, तेथील श्रावकांनी पालकांच्या सभेस जावे. घोषणांची भर घालण्याऐवजी जमिनीचा उतारा, शाळेचा विकास आराखडा आणि कलम ३६ ची प्रत सोबत न्यावी. आणि छपराच्या दुरुस्तीसाठी पहिली रक्कम आपल्या नावावर लिहून द्यावी.