मॅडम, तुम्ही शिकवा ना!

कॉलेजातलं सगळ्यात भारी लेक्चर आठवा. सर एकदम फॉर्मात, फळा गच्च भरलेला, मधूनच एखादा पीजे आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'काय समजावतात यार!' आठवलं? आता त्या लेक्चरात नेमकं काय समजलं होतं, ते दोन ओळींत सांगा बघू. झाली ना पंचाईत! सर आठवतात, त्यांचे जोक्स आठवतात. विषय मात्र परीक्षेच्या दिवशीच हॉलमध्ये राहिला.

मनाला लावून घेऊ नका. हार्वर्डच्या हुशार पोरांचीही हीच गत होती. तिथले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर १९८४पासून शिकवत होते. मुलं खूश, पेपरातली गणितंही फटाफट सुटत होती. मग १९९०मध्ये त्यांच्या वाचनात डेव्हिड हेस्टेनेस यांचे लेख आले. हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड नसलेले, अगदी साध्या भाषेतले प्रश्न तयार केले होते. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? एक्स्प्रेस वेवर जाणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर येणार 'ट्रक, अजून कोण!' खरं तर दोन्ही बलं सारखीच. न्यूटनचा तिसरा नियम! तो पाठ सगळ्यांना असतो, पटलेला मात्र फार थोड्यांना.

माझूर यांनी हे प्रश्न आपल्या वर्गाला दिले आणि गणितात तरबेज असलेली मुलं इथे चक्क आपटली. एकाने तर विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरंच वाटतं तशी? सरांनी फळ्यावर पुन्हा समजावलं, वेगळ्या पद्धतीने समजावलं, चेहरे कोरेच. शेवटी ते म्हणाले, आपापसात बोला. वर्गात एकच कल्ला झाला आणि दोन-तीन मिनिटांत बऱ्याच जणांना उत्तर उलगडलं! कारण सोपं आहे. ज्याला आत्ता कळलंय, त्याला आपण कुठे अडकलो होतो हे ताजं आठवतं. सरांना ते कळून वीस वर्षं झालेली असतात.

यातूनच 'पीअर इन्स्ट्रक्शन' ही पद्धत आली. एक प्रश्न टाकायचा, मिनिटभर एकट्याने विचार, मग मतदान. फारच थोड्यांचं बरोबर आलं तर पुन्हा शिकवायचं, जवळपास सगळ्यांचं आलं तर पुढे जायचं. मधलं काही आलं तर वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालायचा आणि पुन्हा मतदान. बस्स, इतकंच.

'हार्वर्डला जमतं हो, आपल्याकडे कुठे?' असं म्हणायच्या आत पवईला जाऊन येऊ. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात अशीच एक पद्धत वापरली गेली : आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर. तिथल्या संशोधकांनी वर्गात बसून निरीक्षण केलं आणि २०१३मध्ये ते प्रसिद्ध केलं. या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर कामात गुंतलेली होती. मोठ्या वर्गात, शेवटच्या बाकासकट!

आता माझा शनिवार. नोकरी सांभाळून मी एका कॉलेजात (नाव नको!) स्टॅटिस्टिक्स शिकवते. परवाचा माझा प्रश्न असा होता. कॅन्टीनच्या टेबलावर दहा जण, प्रत्येकाचा पगार ४० हजार. अकरावा येऊन बसला, सीईओ, पगार ४० लाख. सरासरी किती झाली? आणि मीडियन? क्लिकरचं बजेट नाही, म्हणून चार रंगांची कार्डं. पहिल्या फेरीत निम्मी कार्डंही बरोबर नव्हती. मग वादावादी, हातवारे, वहीत रांगा मांडणं... दुसऱ्या फेरीत जवळजवळ सगळा वर्ग एका रंगाचा. सरासरी थेट चार लाख, मीडियन आपला चाळीस हजारांवर ढिम्म! 'म्हणजे मॅडम, कॉलेजच्या जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज पॅकेज...' मागच्या बाकावरून आवाज आला. मी काही बोलले नाही. गरजच नव्हती.

आणि फीडबॅक फॉर्मवर काय आलं? 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.' 'मॅडम, तुम्ही शिकवा ना!' एचओडींनी फॉर्म माझ्यापुढे सरकवले. व्हिजिटिंगवाल्यांचं पुढचं सेमिस्टर याच कागदावर ठरतं.

या तक्रारीचं कोडंही हार्वर्डमध्येच सुटलंय. २०१९मध्ये तिथल्या संशोधकांनी फिजिक्सच्या मुलांचे दोन गट केले. एकाला कसलेल्या शिक्षकाचं गुळगुळीत लेक्चर, दुसऱ्याला तोच मजकूर स्वतः डोकं लावून सोडवायचा. नंतर अदलाबदल. झगडणाऱ्या मुलांना टेस्टमध्ये मार्क जास्त मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं! गुळगुळीत भाषण कानावरून सरकतं आणि कळल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्यालाच आपण 'काही कळत नाही' म्हणतो. सायन्स, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१४मध्ये मांडला गेला, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गात सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२. बारा टक्के पोरांचं वर्ष म्हणजे काय, ते केटी लागलेल्यांना विचारा.

म्हणून माझं ठरलंय, कार्डं बंद होणार नाहीत. पुढच्या सेमिस्टरला (मिळालं तर!) पहिल्याच तासाला मुलांना हा २०१९चा किस्सा सांगणार. त्रास होणार आहे, हे आधी माहीत असलं की त्रास कमी टोचतो. आणि एचओडींना एकच विनंती : फॉर्मच्या शेजारी मार्कांचा कागदही ठेवा.

तुमच्या ऑफिसातही एखादं ट्रेनिंग येऊ घातलंच असेल. ट्रेनर मध्येच थांबून 'शेजाऱ्याशी बोला' म्हणाला, तर मोबाइल काढू नका. वाद घाला. बाहेर पडताना डोकं थोडं दुखत असेल, तर पैसे वसूल समजा.