आधी दिवस विचारा

मार्च लागला की आपल्या ओपीडीतली गर्दी बदलते. वर्षअखेरीच्या कामात बुडालेले बँकवाले येतात, दहावी-बारावीच्या मुलांच्या आया येतात, पेपरांचे गठ्ठे घरी आणून तपासणारे शिक्षक येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, मान आखडली आहे, पोट साफ होत नाही, कुणी बोलले की अंगावर जावेसे वाटते. मागणीही ठरलेली असते : ‘वैद्य, झोपेच्या गोळ्या नकोत, काहीतरी नैसर्गिक द्या.’ हे ऐकून आपल्यालाही बरे वाटते. पेन अश्वगंधेकडे वळते, जोडीला ब्राह्मी, रात्री दुधाबरोबर आणखी एखादे चूर्ण, आणि पुढचा पेशंट आत येतो.

या महिन्यात वैद्यमित्रांना एवढेच सांगायचे आहे की, औषध लिहिण्याआधी पेशंटचा दिवस विचारा. त्यासाठी नवी प्रश्नावली परदेशातून मागवायला नको. चरकाच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय आणि वाग्भटाच्या सूत्रस्थानाचा चौथा, दोन्ही आपण विद्यार्थी असताना घोकले आहेत. अधारणीय वेग तेरा, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले आणि तो विषय तिथेच ठेवून आलो. रोज भेटणाऱ्या ताणाच्या पेशंटची हिस्टरी घ्यायला त्या यादीइतके नेमके साधन आमच्या तरी माहितीत नाही.

मूत्रवेगापासून सुरुवात करू. एसटीची कंडक्टर, चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, दुकानातली विक्रेती, वाडीवस्तीवरच्या शाळेतल्या बाई. सकाळी घरून निघताना एकदा आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकदा. मध्ये जायला जागा नाही, म्हणून पाणीही प्यायचे नाही. म्हणजे एका वेगापायी दुसराही अडवला. मूत्रवेग अडवल्याने बस्तिशूळ, मूत्रकृच्छ्र होतो हे आपल्याला पाठ असते, पण त्याच ओळीत चरकाने शिरोरुजाही सांगितली आहे, ती निसटते. रोज संध्याकाळी पाचला दुखणाऱ्या डोक्याला पेशंट ‘टेन्शन’ म्हणते, आपणही तेच लिहून घेतो. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. ती कार्यकर्त्यांनी चालवली. खरे तर तिच्या पहिल्या सभेत वैद्यांची एक रांग असायला हवी होती.

क्षुधेचेही तसेच. डबा दीडचा, उघडतो साडेतीनला. मधल्या वेळात चहा, पुन्हा चहा, साहेबांच्या केबिनमधली दोन बिस्किटे. अंग मोडून येणे, चक्कर, तोंडाला चव नसणे, थकवा, हे सगळे अडवलेल्या भुकेच्या लक्षणांत येते. उपाय म्हणून सांगितले आहे स्निग्ध, उष्ण, लघु आणि बेताचे अन्न. यात कोणती गोळी बसवणार? ‘डबा दीडला उघडा, न जमल्यास अकराला तूप घातलेली मऊ भाकरी किंवा खिचडी खाऊन घ्या’ हे प्रिस्क्रिप्शनवर पहिल्या क्रमांकावर लिहायला हात का अडतो, हे प्रत्येकाने आपले आपण तपासावे.

निद्रेबद्दल फार बोलत नाही; मोबाइलला सगळेच शिव्या देतात. एक मात्र विचारावे. रात्री पहिली जांभई किती वाजता येते आणि दिवा किती वाजता मालवता? बहुतेकांच्या बाबतीत या दोहोंत तास-दीड तासाचे अंतर निघते आणि तेवढ्या वेळात पेशंट येणारी झोप परतवत बसलेला असतो. नंतर तोच म्हणतो, झोप येत नाही. निद्रावेग अडवल्यावर स्वप्न आणि संवाहन, म्हणजे झोप आणि अंग चेपणे, एवढाच उपचार चरक देतो.

सगळ्यात दुर्लक्षित वेग अश्रूंचा. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची, भ्रम होतात असे चरक सांगतो. वाग्भट त्यात मन्यास्तंभ घालतो. आखडलेल्या मानेचे किती पेशंट आपण सर्व्हायकलचा एक्स-रे पाहून मोकळे झालो असू! वडील गेल्यावर तेराव्याला जेवणाच्या पंगती सांभाळणारा थोरला मुलगा, नोकरी गेल्याचे घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा गृहस्थ, लग्न मोडलेली आणि ‘स्ट्राँग’ म्हणून नावाजली गेलेली मुलगी, हे आपल्यासमोर मानदुखी घेऊनच बसतात. ‘शेवटचे रडलात कधी?’ हा प्रश्न पुरुष पेशंटला विचारून पाहावा. काही जण हसतात. काही जणांना उत्तर द्यायला बराच वेळ लागतो, तेव्हा खुर्ची सोडू नये आणि फोन घेऊ नये. यावर शास्त्राने सांगितलेली चिकित्सा झोप, मद्य आणि प्रिय कथा अशी आहे. मद्याचे कलम आजच्या पेशंटला वाचून दाखवू नये, त्याने ते बहुधा स्वतःच लागू केलेले असते. पण आवडत्या माणसाशी आवडत्या विषयावरच्या गप्पा हा औषधोपचार म्हणून ज्या ग्रंथात लिहिला आहे, त्या ग्रंथाचे आपण वारसदार आहोत. सत्त्वावजय म्हणजे काय, असे आपले विद्यार्थी विचारतात. इथून सुरुवात करावी.

कुणी म्हणेल, वेगधारण हा उदावर्ताचा, अपानाच्या बिघाडाचा हेतू. त्याला मनाच्या ताणात ओढून आणणे हा ओढूनताणून लावलेला अर्थ झाला. आम्हाला तसे वाटत नाही. वाग्भटाने रोगांचे मूळ सांगताना वेगांचे धारण आणि उदीरण दोन्ही एका दमात घेतले आहेत. सातची लोकल पकडायची म्हणून सहाला शौचाला बसून कुंथणारा माणूस उदीरण करतो. तोच माणूस दुपारी मीटिंगमध्ये तीच संवेदना दाबतो, ते धारण. शरीराची वेळ आणि नोकरीची वेळ यांची ही रोजची ओढाताण ज्याला ताण म्हणतात त्याहून वेगळी कशी काढणार? शिवाय त्याच अध्यायात चरकाने दुसरी यादी दिली आहे. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या, हे अडवायचे वेग. पेशंटचा दिवस ऐकला की या दोन याद्यांची अदलाबदल झालेली दिसते. अडवू नये ते कचेरीत अडवलेले असते, आणि अडवावे तो क्रोध संध्याकाळी घरी मुलांच्या गृहपाठावर सुटतो.

हे विचारण्याची एक रीत आहे. ‘टेन्शन आहे का?’ या प्रश्नाला उत्तर ‘कुणाला नाही?’ असेच येते. त्यापेक्षा कालचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, घड्याळाच्या काट्याने सांगायला लावावा. नेहमीचा दिवस विचारू नये, कारण नेहमीचा दिवस लोक सुधारून सांगतात.

दिवस कळला की औषधाआधी देण्यासारख्या गोष्टी आपोआप समोर येतात. त्यांत आमचा कल अभ्यंगाकडे. मराठी घरात अभ्यंग नरक चतुर्दशीपुरता उरला आहे, आणि पंचकर्म केंद्रांत तो पॅकेजमध्ये गेला आहे. शास्त्राने तो नित्य सांगितला, आणि डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला. पादाभ्यंग करायला दोन चमचे तिळाचे तेल, एक जुना टॉवेल आणि दहा मिनिटे पुरतात. घाण्याचे तेल मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर त्यावाचून अडवून धरू नये. तळपाय नंतर पुसायला आवर्जून सांगावे. फरशीवर तेलकट पायाने घसरलेली आजी हाडवैद्याकडे जाते आणि दोष आपल्या पदरात येतो. कफाधिक्य, अजीर्ण आणि नुकतेच झालेले शोधन या निषेधाच्या अवस्था सर्वांना ठाऊक आहेत. मधुमेही पेशंटच्या पायाला जखम आहे का, हेही एकदा पाहावे.

श्वासाबद्दल एकच सूचना. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगितले की घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेऊ लागतो, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि हातापायांना मुंग्या येऊन तो आणखी घाबरतो. सोडण्यावर भर द्यावा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते, आणि रक्तदाब-नाडीच्या लयी एकमेकींशी जुळतात, असे दिसले. आपल्याकडे रामरक्षा किंवा हरिपाठ म्हणणारे पेशंट भरपूर. त्यांना नवे काही शिकवू नये, फक्त उरकायची घाई सोडून एका श्वासात एक चरण म्हणायला सांगावे.

आता अश्वगंधा. ती लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. बल्य आहे, वातघ्न आहे, आणि क्षीण, कृश, शिणलेल्या पेशंटमध्ये तिचा गुण दिसतो. पण मॉलमधल्या शेल्फवर गमीच्या रूपात बसलेली अश्वगंधा आणि आपल्या फार्माकोपियातली ३ ते ६ ग्रॅम मूळचूर्णाची मात्रा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिनमध्ये २०१२ साली आलेला आणि जाहिरातींत सतत वापरला जाणारा अभ्यास ६४ जणांवरचा होता. त्यात मुळाचा संहत अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला होता. ताणाचे गुण आणि रक्तातले कॉर्टिसॉल, दोन्ही उतरले. चांगली गोष्ट आहे. मात्र त्या आकड्यांच्या जोरावर आपण दुधातले चूर्ण विकू नये, आणि चूर्णाच्या शतकांच्या अनुभवावर कंपन्यांनी अर्क विकू नये.

दुसरी बाजूही आपणच मांडली पाहिजे, नाहीतर ती दुसरे कुणी मांडते. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले पाच पेशंट एका शोधनिबंधात नोंदले गेले. अश्वगंधेची पूरके घेतल्यावर त्यांना कावीळ आणि तीव्र खाज झाली होती. थांबवल्यावर त्यांतले चौघे बरे झाल्याची नोंद आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. त्या बंदीवर आपल्याकडे बराच संताप व्यक्त झाला, तो काही अंशी रास्तही आहे. पण आपल्या आयुष मंत्रालयानेच २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका, मुळेच वापरा असे बजावले होते, हे त्या संतापात विसरले गेले. पानांत विथाफेरिन-ए जास्त असते आणि पाने स्वस्त पडतात. नीमच-मंदसौरच्या बाजारात मुळांची प्रतवारी होते, चांगल्या मुळाला भाव द्यावा लागतो. तेव्हा आपण लिहितो त्या ब्रँडच्या लेबलवर ‘मूळ’ हा शब्द आहे का, हे पाहणे हे वैद्याचे काम आहे. थायरॉइड वाढलेल्याला ती देऊ नये. थायरॉक्सिन घेणाऱ्याला दिली तर टीएसएचवर लक्ष ठेवावे. गर्भिणीला आणि यकृताचा त्रास असलेल्याला टाळावी, झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्याच्या बाबतीत जपून राहावे. आणि ‘रोज आयुष्यभर घ्या’ हे तर कधीच म्हणू नये.

ब्राह्मी म्हणून बाजारातून नीरब्राह्मी आली की मंडूकपर्णी, हे पुडी उघडून पाहावे. जटामांसीबद्दल तर हात आखडताच असावा. हिमालयातली ही वनस्पती अतिधोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे आणि सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. बँक मॅनेजरच्या मार्चमधल्या चिडचिडीसाठी ती लागत नाही.

धडधड आणि वजन घटणे एकत्र असेल तर टीएसएच, थकवा आणि धाप असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन, या तपासण्या करून घेण्यात आपला काही कमीपणा नाही. रोजचा ताण आणि आजार यांच्यातली सीमा ओलांडलेला पेशंट ओळखता आला पाहिजे. पहाटे तीनला उठून बसणारा, आवडीच्या गोष्टीतली गोडी हरवलेला, ‘माझ्यावाचून सगळ्यांचे बरे चालेल’ असे सहज बोलून जाणारा. त्याला जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः फोन करून पाठवावे, १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भिंतीवर ठळक लावावा, आणि चालू असलेल्या गोळ्या आपल्या शब्दावर बंद होणार नाहीत याची काळजी घ्यावी. ‘नैसर्गिक’च्या नावाखाली गोळ्या तोडून आलेले पेशंट पुढे किती बिघडतात, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, जो अशा लेखांत कुणी काढत नाही. दिवस ऐकायला वीस मिनिटे लागतात आणि आपल्यातल्या बहुतेकांचे घर तपासणी-फीवर चालत नाही, औषधांवर चालते. म्हणून पुडीशिवाय पेशंट परत पाठवणे जड जाते. यावर तोड म्हणजे पावतीवर सल्ल्याची फी वेगळी लिहिणे आणि ती संकोच न करता घेणे. पहिल्या खेपेला कुरकुर होईल. केसपेपरवर तेरा वेगांसाठी अर्धे पान राखून ठेवले तर ती वीस मिनिटे बारावर येतात.

ज्यांना पटेल त्यांनी या महिन्यात ताणाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या पेशंटवर हे करून पाहावे आणि नोंदी पाठवाव्यात. पेशंटचे नाव नको. वय, व्यवसाय, कोणता वेग, काय बदलले, किती दिवसांनी फरक पडला किंवा पडला नाही. फरक न पडलेल्या नोंदी आधी पाठवा. त्या जूनच्या अंकात छापू.