कन्व्हर्टर तिसऱ्यांदा बदलण्याआधी

जुन्या पेट्रोल पिकअपचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा जात असेल, तर नवा बसवायची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ऊस पिवळा पडला की युरिया फेकायचा, मुळाशी हुमणी आहे का ते बघायचंच नाही, तशी ही गत. प्लग किंवा कॉइल मिस मारत असली, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली पोळ्यासारखी जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर जाळीवर थर बसतो. सेन्सरजवळ पाइपाला चीर असली, तर चांगला कन्व्हर्टरही बिघडल्याचा दिवा लागतो! मेकॅनिककडून आधी हे तपासून घ्या. जुना भाग मात्र सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम असतं, भंगारातही त्याला भाव आहे.