अंगठा आणि पावती

मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर घेऊन येणारा टपालवाला श्रीवर्धन-मुरूडकडील घरांस परका नव्हे. बँक मात्र दारीं येत नसे. २००६ सालीं रिझर्व्ह बँकेनें बँकांस प्रतिनिधि नेमण्याची मोकळीक दिली. २०१८ पासून टपालखात्याच्या बँकेचा टपालवालाही यंत्र घेऊन येतो. तालुक्याच्या खेपेंत म्हातारीचा जो दिवस मोडे तो वांचला, ही सोय लहान नव्हे.

अडचण आहे ती अंगठ्याची. मासळी व मीठ हाताळून कोळिणींच्या बोटांवरील रेषा झिजतात. यंत्रास खूण पटत नाहीं, म्हणून अंगठा पुनःपुन्हां टेकवावा लागतो. त्यांत रक्कम किती वेळां निघाली, हें निरक्षर बाईस कोणीं सांगावें? (३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत विजेचे खांब कोसळले, तेव्हां अशा यंत्रांचा आधार किती, हें किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको.)

प्रतिनिधीच्या कृत्यास बँकच जबाबदार, असा नियम आहे. पण पावतीवांचून तो पांगळा. यास्तव आमच्या वाचक भगिनींनीं सासूबाईंची पावती वाचावी, तशीच गड्याची व मोलकरणीचीही वाचून द्यावी. हिशेब न जुळल्यास शाखेंत लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागतां येते.