चित्र कुणाचं, गुण कुणाला?

'द अप्रेंटिस' या रिॲलिटी शोमधला एक खेळ अनेकांना आठवत असेल. दोन संघ. प्रत्येकाने होतकरू चित्रकारांची कामं बघायची, त्यांतून आपला चित्रकार निवडायचा आणि एका संध्याकाळी गॅलरीत उभं राहून त्याचा माल खपवायचा. ज्याचा गल्ला मोठा तो जिंकला. हरलेल्या संघातल्या कुणाला तरी घरचा रस्ता. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या 2004 च्या पहिल्याच पर्वात हा खेळ झाला. ब्रिटनमध्ये ॲलन शुगर यांनी 2012 मध्ये तो स्ट्रीट आर्ट करणाऱ्यांची कामं घेऊन खेळायला लावला.

टीव्हीवर हे बघायला मजा येते, हे मान्य. पण यातून धंदा शिकता येतो असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या दोन वर्षांत कळते: जे मोजाल तेच वाढतं. किती बग बंद केले यावर बढती ठेवा, लोक एका बगचे पाच करून बंद करतील. इथे काय मोजलं जातं? एका संध्याकाळचा गल्ला. मग संघ चित्रकाराला काय विचारणार? 'तुला यातून काय म्हणायचंय?' हा प्रश्न फक्त गिऱ्हाइकासमोर दोन वाक्यं फेकता यावीत म्हणून. खरा प्रश्न एकच, सोफ्याच्या वर काय शोभेल?

आणि रात्रीचे नऊ वाजले की सवलत सुरू. वीस हजारांचं चित्र बारा हजारांना. संघाला त्यात काही गमवायचं नसतं, उद्या त्यांच्यासमोर दुसरा खेळ असतो. चित्रकाराला मात्र परवाही चित्रंच विकायची असतात आणि आता त्याचा भाव बारा हजार झालेला असतो. वीस हजार मोजलेला त्याचा जुना ग्राहक हे ऐकून काय म्हणेल? चांगली गॅलरी कमिशन भरपूर घेते, अनेकदा निम्म्यापर्यंत; पण ती भाव सांभाळते, चित्र कुणाकडे गेलं याची नोंद ठेवते, पुढचं प्रदर्शन लावते. तिचं खरं काम विक्रीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. हा खेळ तिथेच संपतो.

मी आधी होतो त्या कंपनीत याचीच नक्कल झाली. नुकतीच कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं, तीन संघ, कँटीनमध्ये मांडलेले ईझल. स्क्रीनवर लीडरबोर्ड होता, त्यावर संघांची नावं आणि आकडे. चित्रकारांच्या नावाचा रकानाच नव्हता. जिंकलेल्यांना ट्रॉफी आणि व्हाउचर मिळाली. चित्रं कुणी घेतली हे त्या मुलांना कळवणार का, असं मी एचआरला विचारलं. उत्तर आलं, 'सर, ते प्रायव्हसीमध्ये बसत नाही.'

ही बाब किरकोळ नाही. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली रॉबर्ट स्कल या टॅक्सीमालक संग्राहकाने रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं 'थॉ' लिलावात काढलं. 900 डॉलरला घेतलेलं चित्र 85,000 ला गेलं आणि वरच्या पैशातला एक डॉलरही चित्रकाराला मिळाला नाही. राउशेनबर्ग तिथेच स्कलवर भडकले. चित्रकाराला पुनर्विक्रीत वाटा हवा या मागणीला अशा प्रसंगांनी जोर आला. ब्रिटनमध्ये असा हक्क 2006 पासून आहे. आपल्याकडे तर त्याआधीच, 1994 च्या दुरुस्तीने, कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आलं: मूळ चित्र 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. पण मागायचा कुणाकडे? चित्र कुणाकडे आहे हेच ठाऊक नसेल, तर ते पुन्हा विकलं गेलं हे कळणार कसं? त्या संध्याकाळी एचआरने नुसतं एक नाव लपवलं नाही, त्या मुलांच्या हक्काची दोरीच कापली.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो: 'अहो, विकलं तर गेलं ना? नाहीतर घरी धूळ खात पडलं असतं.' विक्रीने कला बाटते असं मानणाऱ्यांतला मी नाही. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली कामं मांडून बसतात, घासाघीसही करतात. त्यात कमीपणा कसला? सवलत द्यायची की नाही हे ते स्वतः ठरवतात आणि कमी झालेला पैसा त्यांच्या स्वतःच्या खिशातला असतो. माझा आक्षेप विकण्याला नाही, दुसऱ्याच्या जिवावर गुण कमावण्याला आहे.

तेव्हा असा खेळ भरवणाऱ्यांनी लीडरबोर्डवर तीन रकाने वाढवावेत. चित्रकाराच्या हातात किती पडले? ग्राहकाचं नाव-पत्ता, त्याच्या संमतीने, चित्रकाराला दिला का? आणि वर्षभरात त्याच चित्रकाराचं दुसरं काम, पहिल्याहून कमी नसलेल्या भावात, विकलं गेलं का? ट्रॉफी वर्षाने द्या. तोवर थांबायची तयारी नसेल, तर बिस्किटांचे पुडे विका. त्यांना पुढचं प्रदर्शन भरवायचं नसतं.