प्रार्थनामंदिराचा हिशेब

केरळमधील सीरो-मलबार ख्रिस्ती सभेकडे चांदा भागाचे कार्य १९६२ साली सोपविण्यात आले. १९७७ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मनुष्यबळ बाहेरून आले, आणि ते अपरिहार्यच होते. परंतु आज या वनजिल्ह्यांत नवे प्रार्थनामंदिर बांधताना पैशासाठीही दूरच्या दात्यांवर विसंबणे धोक्याचे ठरेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतील ठरावीक शाखेतल्या खात्यातच स्वीकारावी लागते. नोंदणी अडली की निधी अडतो, आणि अर्ध्या भिंती पावसात उभ्या राहतात.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासी संस्थेला घेता येत नाही. वनजमिनीला १९८० चा कायदा लागू आहे. तेव्हा नकाशापूर्वी सातबारा पाहावा.

ज्यांचे पोट धानावर आणि तेंदूपानांवर, त्यांच्याकडे दरमहा वर्गणी मागणे हा पगारदारांचा हिशेब झाला! धान घरात आल्यावर आणि तेंदूचा हंगाम संपल्यावर, अशा दोनच वेळा वर्गणी घ्यावी. उरलेल्यांचे श्रमदान जमेस धरावे. मनोरा मागाहून होईल. दुरुस्तीनिधीचा ठराव मात्र बांधकामाच्या ठरावाबरोबरच व्हावा. एरवी तो छप्पर गळू लागल्यावर होतो.