हरवलेले पुस्तक

दापोली तालुक्यातील केळशी हे भारजा नदीच्या मुखाशी वसलेले टुमदार गाव. येथे महालक्ष्मीचे देऊळ आहे, तसा याकूबबाबांचा दर्गाही आहे. शिवाजी महाराजांची या बाबांवर श्रद्धा होती व दर्ग्यास त्यांनी इनाम दिले, असे गावकरी अभिमानाने सांगतात. मागे आम्ही काही मंडळी तेथे गेलो असता एका वयोवृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर बसण्याचा योग आला. आमच्यातील एका भगिनीच्या गळ्यातील पदक पाहून त्यांनी विचारले, "हे कोण?"

"आमचे संत अंतोनी. हरवलेली वस्तू मिळवून देतात," आम्ही उत्साहाने सांगितले.

"ते ठीक. पण ते सांगून काय गेले? तुकोबा काय सांगून गेले ते आमची म्हातारी दळण निवडता निवडता म्हणते. तुमच्या अंतोनींचे एखादे वचन ऐकवा की."

आम्ही आठ जण होतो. आठही जण गप्प बसलो.

त्या गृहस्थांच्या मनात खोच नव्हती. खोच आमच्याच जिण्यात आहे. मंगळवारची नोव्हेना आम्ही चुकवीत नाही, 13 जूनच्या सणाला नवे कपडे घालतो, मेणबत्त्यांनी वेदी उजळतो. मात्र ज्याच्यापुढे त्या लावतो त्याने आयुष्यभर काय शिकवले, हे आम्हांस ठाऊक नाही. संताला आम्ही हरवलेल्या किल्ल्या शोधणारा गडी करून ठेवले आहे.

हा अंतोनी होता तरी कोण? 1195च्या सुमारास लिस्बन शहरात एका सुखवस्तू घरात जन्मलेला फर्नांदो. कोवळ्या वयातच त्याने संत ऑगस्टीनच्या नियमाने चालणाऱ्या मठात प्रवेश केला आणि कोइंब्रा येथे पवित्र शास्त्राचा कसून अभ्यास केला. 1220 साली मोरोक्कोत रक्तसाक्षी झालेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष त्या नगरीत आले. ते पाहून या विद्वान तरुणाने मठ सोडला, फ्रान्सिस्कनांचा जाडाभरडा झगा अंगावर चढवला व अंतोनी हे नाव घेतले. पुढे असिसीकर फ्रान्सिसने त्याला बंधूंना धर्मशास्त्र शिकवण्याची अनुमती दिली. अट एकच घातली : अभ्यासापायी प्रार्थनेची वृत्ती मालवू नये. रविवारची व सणांची त्याची लॅटिन प्रवचने आजही उपलब्ध आहेत. 13 जून 1231 रोजी तो निवर्तला, वर्षभराच्या आत त्याला संतपद मिळाले आणि 1946 साली पोप बारावे पायस यांनी त्याला ख्रिस्तसभेचा धर्मपंडित म्हणून गौरविले. धर्मपंडित हा किताब चमत्कारांसाठी नसतो, शिकवणुकीसाठी असतो, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो.

काही जण म्हणतील, "जुनी लॅटिन प्रवचने धर्मगुरूंनी वाचावीत. भाविकाला साधी भक्ती पुरे." साध्या भक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्या कथेवर ही भक्ती उभी आहे ती तरी आठवावी. संघातील एक उमेदवार पळून जाताना अंतोनीचे स्तोत्रांचे पुस्तक घेऊन गेला. त्यात शिकवण्यासाठी काढलेली टिपणे होती. अंतोनीने प्रार्थना केली आणि पश्चात्ताप पावलेल्या त्या तरुणाने पुस्तक परत आणून दिले, अशी ही परंपरागत कथा. म्हणजे हरवलेल्या वस्तूंच्या या संताची स्वतःची हरवलेली वस्तू पुस्तक होती! आज ते पुन्हा हरवले आहे आणि या वेळी ते पळवणारे आपणच आहोत.

दुसरा आक्षेप असा की, आठशे वर्षांपूर्वीच्या बोलांचा आज उपयोग काय? उपयोग आहे, आणि म्हणूनच ते गैरसोयीचे आहेत. गोरगरीब, विधवा व अनाथ यांना गिळणाऱ्या सावकारांवर अंतोनीने प्रवचनांतून कठोर प्रहार केले. तो केवळ बोलून थांबला नाही. मार्च 1231 मध्ये त्याच्या आग्रहावरून पादुआ नगरीने नियम केला की, ज्या ऋणकोने आपली मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन केली आहे, त्याला केवळ कर्ज फिटत नाही म्हणून बंदीत टाकू नये. आता आपल्या धर्मग्रामांकडे पाहावे. लग्नाच्या थाटापायी कर्ज काढणारी आणि ते फेडण्यासाठी वाडवडिलांची जमीन विकणारी कुटुंबे आपल्यात नाहीत काय? नडलेल्या शेजाऱ्याला चढ्या व्याजाने पैसे देणारा आणि त्या व्याजाखाली पिचलेला, असे दोघेही एकाच बाकावर बसून एकाच सुरात नोव्हेना म्हणतात. त्यांच्यापुढे अंतोनीचे हे प्रवचन एकदा वाचले गेले, तर बाकावर थोडी चुळबूळ होईल. ती व्हावी.

परकेपणाची सबबही आपल्याला नाही. 1655 साली गोव्यात रायतूर येथे जेज्वीट धर्मगुरू अंतोनियो द साल्दान्हा यांनी या संताची 'जीवित्वकथा' इथल्या लोकांच्या भाषेत रचून छापली. अ. का. प्रियोळकरांसारख्या हिंदू संशोधकाने पुढे ती संपादून अभ्यासकांपुढे ठेवली. दूरदेशीच्या धर्मगुरूने ती लिहिली, शेजारधर्माच्या पंडिताने जपली. आपण काय केले? पुतळ्याला नवा रंग दिला.

यास्तव आमचे मागणे लहानसेच आहे. नोव्हेनेच्या नऊ दिवसांत नऊ उतारे, प्रत्येकी पाच मिनिटांचे, सोप्या मराठीत वाचले जावेत. लॅटिन वा इंग्रजी जाणणाऱ्यांनी भाषांतराचा भार उचलावा. घरोघरी रोझरीनंतर मुलांना एक तरी बोध सांगावा. पुतळ्यातील अंतोनीच्या हाती बाळ येशू असतो आणि तो बाळ बहुधा उघड्या पुस्तकावर बसलेला असतो. नवस बोलताना आपली दृष्टी त्या पुस्तकावरही जावी.

केळशीच्या त्या ओसरीवर आम्हांस पुन्हा जायचे आहे. गृहस्थांचा प्रश्न अजून तेथेच आहे. उत्तर घेऊन गेल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा गोड लागणार नाही.